कॉम्प्युटरची निकाली कुस्ती

मिशी पणाला लावण्याआधी माणसानं घरी वडिलांना एकदा विचारून घ्यावं, ही गोष्ट यज्ञेश्वर बावडेकरांच्या ध्यानात आली तेव्हा फार उशीर झाला होता. पैज लागली होती, टाळी वाजली होती, आणि साक्षीला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरची निम्मी पेठ आणि झाडून सगळ्या म्हशी हजर होत्या.

तसे बावडेकर मास्तर काही पैजा लावत हिंडणारे गृहस्थ नव्हेत. हायस्कुलात गणित शिकवणारा, सायकलला दिवा असूनही अंधार पडायच्या आत घरी येणारा माणूस. संध्याकाळी कट्ट्यावर जायचं, डोळ्यांदेखत पिळलेलं दूध फेसासकट पेलाभर प्यायचं, ओठावर आलेली पांढरी मिशी रुमालानं पुसायची आणि खालची काळी जागेवर आहे ना हे बोटानं चाचपून घरी परतायचं, एवढीच त्यांची चैन. ती काळीही बेताचीच होती. पेन्सिलीनं रेघ ओढावी आणि मग मन बदलून निम्मी खोडावी, एवढी. पण कोल्हापुरात राहायचं तर मिशी लागते, म्हणून त्यांनी ती ठेवली होती आणि जिवापाड सांभाळली होती.

सगळं बिघडलं ते बंडूमुळे. बंडू म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, कालिंदीचा धाकटा भाऊ. मस्कतला असायचा. मेहुण्यानं परदेशातून येताना सेंट आणावं, साबण आणावा, फारतर घड्याळ आणावं. बंडूनं कॉम्प्युटर आणला. ही शहाऐंशी सालची गोष्ट आहे. पेठेत तेव्हा फ्रीज ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे लोक उन्हाळ्यात बर्फ मागायला जात. कॉम्प्युटर घरी असलेल्या माणसाकडे काय मागायला जायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शाळेच्या पाटीएवढा काळा डबा आणि त्यावर रबराची बटणं, एवढाच तो ऐवज. पडदा त्याला नाही, पडदा घरच्या टीव्हीचा घ्यायचा. त्याला काय करायचं ते शिकवायचं कॅसेटनं. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली की आतून असा काही चीत्कार निघे की शेजारच्या चिमणाबाई पहिल्या दिवशी स्टोव्ह बंद करून रस्त्यावर आल्या होत्या. तो चीत्कार संपला की यंत्र शहाणं होई. आणि लाईट गेली की शिकलेलं सगळं विसरून पुन्हा कोरं.

"सगळं विसरतं?" मास्तरांच्या वडिलांनी, तात्यांनी विचारलं होतं.

"सगळं, तात्या."

"मग तुझ्या वर्गात आणि ह्यात फरक काय?"

तात्या कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. पंच्याहत्तरी उलटली तरी दात स्वतःचे आणि मतंही स्वतःची. मुलाच्या कुठल्याही गोष्टीला त्यांनी आजवर चांगलं म्हटलेलं नव्हतं. मास्तर बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आले तेव्हा गुणपत्रिका उजेडाला धरून तात्या म्हणाले होते, "कागद बरा आहे." कॉम्प्युटरचं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी 'डबडं' ठेवलं आणि घरात तेच रूढ झालं. मास्तर रात्रंदिवस त्या यंत्रापुढे बसत ते विज्ञानासाठी, असं ते स्वतःला सांगत. खरं म्हणजे तात्यांनी एकदा, एकदाच, त्या डब्याकडे पाहून बरं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं ही इच्छा कुणाजवळ बोलून दाखवायची? म्हणून ते विज्ञान म्हणत.

आता कृष्णातची ओळख करून द्यायला हवी. कट्ट्यावरचा सगळ्यात मोठा म्हैसवाला आकाराम चौगुले. तालमीचा वस्तादही तोच. सत्तरीच्या घरातला, दाराच्या चौकटीएवढा माणूस. कृष्णात त्याचा थोरला मुलगा. उद्यमनगरात त्याचं लेथचं वर्कशॉप होतं आणि ओठावर अशी मिशी होती की दोन्ही टोकांना एकेक लिंबू सहज उभं राहिलं असतं. मास्तरांकडचं यंत्र पाहून कृष्णात आठवडाभर झोपला नाही. मग मुंबईला जाऊन त्यानं दुसऱ्या कंपनीचं यंत्र आणलं. ते मोठं होतं, त्याची बटणं टाइपरायटरसारखी कडक होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याची मेमरी मास्तरांच्यापेक्षा जास्त होती.

त्या दिवसापासून कट्ट्यावरच्या गप्पांना नवा विषय मिळाला. एरवी तिथं पैलवान, ऊस आणि फुटबॉल यांच्यापलीकडे जायची पद्धत नव्हती. आता दोघं हातात पेले घेऊन भांडत आणि बाकीचे कडं करून ऐकत.

"रबराची बटणं!" कृष्णात म्हणायचा. "मास्तर, हे यंत्र हाय का खोडरबर?"

"तुझ्याकडं एक रेघ काढायची तर पानभर लिहावं लागतं. माझ्याकडं एका शब्दात येते," मास्तर म्हणायचे.

"मेमरी किती तुमची?"

"अठ्ठेचाळीस."

"आमची चौसष्ट!"

कड्यातल्या मंडळींना मेमरी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण अठ्ठेचाळीस आणि चौसष्ट ही कुस्तीतली वजनं त्यांना पाठ होती. "जोड विजोड हाय," असं एकजण गंभीरपणे म्हणाला, आणि दुसऱ्यानं चुकचुकून मास्तरांच्या पेल्यात थोडं दूध वाढवलं, जणू अंग धरायला.

त्या संध्याकाळी प्रकरण जरा जास्तच तापलं. कोणाचं यंत्र जास्त वेगवान, यावर दोघांचे आवाज इतके चढले की एका म्हशीनं पान्हा चोरला. आकारामआण्णा तिच्या कासेपाशी बसले होते. ते चरवी खाली ठेवून उठले.

"ए, थांबा! म्हशीला तरास द्यायचा न्हाय. कवाधरनं ऐकालोय तुमचं. ह्याचं भारी का त्याचं भारी. तोंडानं ठरतंय व्हय? हे कोल्हापूर हाय. कुस्ती लावा की!"

"कुणाची?" मास्तरांनी विचारलं.

"यंत्रांची! आणि निकाली. बरोबरी न्हाय आपल्या तालमीत."

कड्यातून आरोळी उठली. कृष्णातनं मिशीवर हात ठेवला. "माझं हरलं तर ही उतरीन!"

असं म्हटल्यावर समोरच्यानं काय करायचं असतं? शहाण्यानं पेला परत करून घरी जायचं असतं. पण मास्तरांच्या अंगात त्या क्षणी काय संचारलं कोण जाणे. त्यांनीही आपल्या रेघेवर बोट ठेवलं. "मग माझीही!"

आरोळी उठायला हवी होती. ती उठलीच नाही. आकारामआण्णा जवळ आले आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "मास्तर, तात्या बरं हाईत न्हवं?"

"बरे आहेत की. का?"

आण्णा म्हशीकडे वळले. मास्तरांनी दुसरा पेला मागवला, निम्मा प्याला, आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर. जिवंत बापाच्या मुलानं मिशी काढली तर ती बापाच्या नावानं काढली असंच गाव समजतं. मास्तरांनी पैज लावली होती कॉम्प्युटरवर आणि पणाला लागले होते तात्या.

ते धावत घरी आले, पण चिमणाबाई त्यांच्या आधी पोचल्या होत्या. ही बाई चालताना कधी दिसत नसे. ती आधी इथं असे आणि मग तिथं असे.

तात्या खुर्चीत ताठ बसले होते.

"यज्ञेश्वर, मी आहे ना?"

"आहात तात्या."

"दिसतोय ना तुला? मग माझ्या हयातीत मिशी उतरवायचा करार तू कुठल्या अधिकारात करून आलास? म्हणजे तुझं डबडं हरलं की एक तर गावानं मला मेलेला धरायचं, नाहीतर मी तुझ्या सोयीसाठी खरोखरीचं निघायचं!"

"मी मागे घेतो शब्द."

"खबरदार! बावडेकरांनी कट्ट्यावर दिलेला शब्द मागे घेतला म्हणून लोक हसतील. त्यापेक्षा मी जातो."

स्वयंपाकघरातून कालिंदी म्हणाली, "आणि मला कुणी विचारलं? मिशीखालचं तोंड रोज कुणाला बघावं लागतं?"

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत, म्हणजे दुसरी पोळी घेतली नाही.

सकाळी उठले तर तात्या टीव्हीसमोर खुर्ची ओढून, पायाशी काठी घेऊन बसलेले. डब्याकडे ते प्रथमच नीट बघत होते. "ह्याला येतं काय काय, ते सांग," ते म्हणाले. "माझा जीव ह्याच्यावर आहे. मला माहिती पाहिजे."

इथून पुढं घरात जे सुरू झालं त्याला मास्तर सराव म्हणत आणि कालिंदी तमाशा म्हणे. तात्यांनी वस्तादाची सूत्रं हाती घेतली. डब्यावर ऊन येऊ नये म्हणून पडदा लावला. गरम होतो म्हणून विणलेल्या पंख्यानं वारा घातला. रविवारी सकाळी टीव्हीवरची मालिका बघायला आलेल्या शेजाऱ्यांना 'सराव चालू आहे' म्हणून दारातून परत पाठवलं. पेठेच्या इतिहासात असा अन्याय पूर्वी झाला नव्हता.

पण ह्या शेजाऱ्यांचं मन मोठं. त्यांनी राग धरला नाही, कारण त्यांना तात्यांची दया येऊ लागली होती. चौसष्टपुढं अठ्ठेचाळीसचं काय चालणार? जो तो तात्यांना बघायला येऊ लागला. येताना हातात काहीतरी असे. कुणी केळी आणली, कुणी चिकू. चिमणाबाईंचं माहेर आजऱ्याचं. त्यांनी तिकडच्या वासाच्या तांदळाची खीर करून आणली आणि वाटी पुढं करत डोळ्याला पदर लावला. "खाऊन घ्या तात्या. आपल्या हातात काय असतंय?"

"आणखी आहे का?" तात्यांनी विचारलं.

कोपऱ्यावरच्या शिंप्यानं माप न घेता नुसतं डोळ्यांनी तात्यांच्या शेवटच्या कापडाचा अंदाज घेतला, अशी मास्तरांना शंका आली. आकारामआण्णांनी तर रोज सकाळी शेरभर निरसं दूध पाठवायला सुरुवात केली आणि निरोप धाडला, "तात्यास्नी म्हणावं, मनात कायबी आणू नका. आमचं यंत्र लई ताकदीचं हाय, त्याला आमचा इलाज न्हाय." तात्यांच्या गालांवर तजेला आला. मरणाच्या वाटेवर इतकं चांगलं खायला मिळतं हे आधी माहीत असतं तर, असं ते एकदा बोलून गेले.

कुस्तीत नेमकं काय करायचं, हे ठरवायला तालमीत बैठक बसली. मास्तरांनी मूळ संख्या शोधायची सूचना मांडली. पंचांनी विचारलं, "हरवल्यात काय?" सूचना बारगळली. शेवटी आण्णांनी निकाल दिला, "लोकास्नी डोळ्यांनी दिसंल असं पायजे. एकपासनं दहा हजारांपतोर आकडं मोजायचं. आकडा न आकडा पडद्यावर दिसला पायजे. मधला गिळला की फाऊल. आधी पोचंल त्यो जिंकला."

सोपं काम. मास्तरांनी घरी येऊन दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, बटण दाबलं, आणि आकडे धावू लागले. पडदा खालपर्यंत भरला आणि यंत्र थांबलं. खाली इंग्रजीत एक प्रश्न आला. पान भरलं, वर सरकवू का?

"विचारतंय कशाला?" तात्यांनी विचारलं.

"त्याची रीत आहे तशी."

मास्तरांनी बटण दाबलं. आणखी एक पान भरलं. पुन्हा प्रश्न. दहा हजार होईपर्यंत हे यंत्र शेकडो वेळा अदबीनं परवानगी मागणार होतं. कृष्णातचं यंत्र कुणाला काही न विचारता पानामागून पान वर ढकलत सुटायचं, हे मास्तरांनी स्वतः पाहिलेलं.

"सरकारी नोकर आहे तुझं डबडं," तात्या खिन्नपणे म्हणाले आणि एक चिकू सोलायला घेतला.

नंतरचे बरेच दिवस वाईट गेले. मास्तर वर्गात फळ्यासमोर खडू घेऊन नुसते उभे राहू लागले. त्यात पोलीस चौकीतली परवानगी राहिली होती, कारण लाउडस्पीकर लावायचा होता. तिथल्या हवालदारांनी कागद पुढं ओढला.

"कुस्ती. बरं. पैलवानांची नावं?"

"पैलवान नाहीत. दोन कॉम्प्युटर आहेत."

"वय?"

"थोरला आठ महिन्यांचा. धाकटा सहा महिन्यांचा."

हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. एवढ्या लहान पोरांची कुस्ती लावता?"

मास्तरांनी अर्धा तास समजावलं. हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की यंत्रांच्या कुस्तीला परवानगी द्यायची सोय कायद्यात नाही. सोय आहे ती नाटकाला, तमाशाला आणि जादूच्या प्रयोगांना. नाटक म्हटलं तर संहिता मंजूर करून आणावी लागेल, तमाशा म्हणायला मास्तरांची जीभ रेटेना. तेव्हा गणितातल्या पदवीधराला 'जादूचे प्रयोग' या सदराखाली परवानगी मिळाली. अट एकच होती: प्रयोगात जिवंत जनावर वापरायचं नाही.

घरी येऊन मास्तर मटकन खाली बसले. यंत्र समोर तोच प्रश्न विचारत उभं होतं. तात्या कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "मला एक सांग. तू पान उलटतोस कशाला?"

"म्हणजे?"

"आम्ही पाटीवर उजळणी करायचो. एक आकडा लिहायचा, पुसायचा, त्याच जागी दुसरा लिहायचा. पाटी कधी भरली नाही. ह्याला एकाच जागी लिहिता येत नाही?"

मास्तरांनी बापाकडे पाहिलं. मग बटणांवर तुटून पडले. पडद्याच्या मध्यावर एक आकडा उभा राहिला आणि जागच्या जागी बदलू लागला, इतका भरभर की शेवटचा अंक नुसता थरथरताना दिसे. पान भरण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे यंत्रालाही प्रश्न पडला नाही. दहा हजार झाले तेव्हा तात्यांच्या हातातला चहा अजून कोमट होता. बापलेक एकमेकांकडे बघून हसले. मास्तरांच्या आठवणीत असं पूर्वी झालेलं नव्हतं. हसून झाल्यावर दोघंही जरा अवघडले.

मास्तरांनी पंचांना जाऊन हे दाखवलं. उगाच मागाहून फाऊल नको. कृष्णातनं हरकत घेतली, "हे एका जाग्यावर उभं ऱ्हाऊन पळालंय!" पण आण्णांनी हात वर केला. "मातीत उभं ऱ्हाऊनच लढायचं असतंय. पळतंय त्येला पैलवान म्हनत न्हाईत. हे चालंल." न्यायाचा माणूस. आणि शिवाय चौसष्टवर त्यांचा पूर्ण भरवसा.

कुस्तीच्या दिवशी, रविवारी चारच्या उन्हात तालमीचं मैदान गच्च भरलं. हातकणंगल्याहून आणि शिरोळहून पाहुणे आले होते. हलगी कडाडत होती. दोन हातगाड्यांवरून दोन टीव्ही आले, त्यांना लोकांनी वाट करून दिली. तालमीत प्लग एकच होता. त्यावरून ओढलेल्या एका लाकडी बोर्डावर दोन्ही यंत्रं आणि दोन्ही टीव्ही जोडले होते. त्या बोर्डाच्या राखणीला तात्या खुर्ची टाकून बसले. कृष्णातची माणसं वायर ओढतील असा त्यांना संशय होता, आणि कृष्णातच्या माणसांनाही तात्यांसारखा सचोटीचा राखणदार मिळणार नव्हता. एका हातात काठी, मांडीवर चिमणाबाईंची खिरीची वाटी, डोक्यावर जुनी काळी टोपी.

परवानगीची अट पाळली जाते की नाही हे पाहायला हवालदार स्वतः आले. मैदानाच्या कडेला ओळीनं बांधलेल्या म्हशींकडे त्यांनी रोखून पाहिलं. आण्णांनी त्यांच्या हातात फेसाचा पेला दिला. "त्या प्रयोगात न्हाईत साहेब. त्या बघायला आल्यात." हवालदारांना ते पटलं.

आकारामआण्णा फेटा बांधून मध्ये उतरले. रिवाज तो रिवाज. त्यांनी आखाड्यातली हळद-ताक-तेलाची तांबडी माती मूठभर उचलली, कपाळाला लावली आणि दोन्ही पैलवानांवर उधळली. मास्तर किंचाळून डब्यावर आडवे पडले. तोवर व्हायचं ते झालं होतं. रबराच्या बटणांवरची माती फुंकरीनं उडाली. कृष्णातच्या कडक बटणांतून मात भाकरीत खडा यावा तसा आवाज येऊ लागला, आणि कृष्णात बापाकडे असं बघू लागला की बापानं लगेच हलगीवाल्याला खूण केली.

कॅसेटी लागल्या. लाउडस्पीकरवाल्यानं आपणहून माईक टेपरेकॉर्डरसमोर धरला, आणि तो चीत्कार सगळ्या गंगावेशीवर घुमला. एका आजींनी हात जोडले. हवालदारांचं दूध सांडलं. मग शांतता झाली, आणि आण्णांनी हात खाली आणला.

एक, दोन, तीन. कृष्णातच्या पडद्यावर आकड्यांच्या रांगा वर सरकू लागल्या. भव्य देखावा होता तो. "चौसष्ट! चौसष्ट!" असा गजर झाला. मास्तरांच्या पडद्यावर मधोमध एकटाच आकडा थरथरत होता. बघणाऱ्याला वाटावं यंत्र हिवतापानं आजारी आहे. पण हळूहळू ज्यांना आकडे वाचता येत होते ते गप्प होऊ लागले. कृष्णातचं यंत्र प्रत्येक आकड्याला अख्खं पान वर ढकलत होतं, त्यात दमत होतं. ते दोन हजारांवर आलं तेव्हा मास्तरांचं तीन हजार ओलांडून गेलं होतं.

"अठ्ठेचाळीस!" मागून कुणीतरी ओरडलं. हलगीचा ठेका बदलला. मास्तरांच्या कानांत नुसती गरम हवा भरली होती. पाच हजार. सहा. आयुष्यात पहिल्यांदा ते काहीतरी जिंकत होते, आणि तेही सगळ्या पेठेसमोर, तात्यांसमोर.

आणि तेव्हा चिमणाबाई उठल्या. भर मैदानात त्यांचा आवाज खणखणीत आला, "अगं बया! मग आता आकारामआण्णांचं कसं?"

गजर थांबला. सगळ्या माना आधी कृष्णातच्या मिशीकडे आणि मग त्याच्या बापाकडे वळल्या. एवढे दिवस सबंध पेठ तात्यांसाठी हळहळत होती. चौसष्ट हरेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, तर कृष्णातलाही वडील आहेत हे कुठून येणार? वडिलांच्याही मनात आलं नव्हतं. चिमणाबाई लगबगीनं आल्या, तात्यांच्या मांडीवरची खिरीची वाटी उचलली आणि आण्णांच्या हातात दिली. "खाऊन घ्या आण्णा," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

आकारामआण्णांनी वाटीकडे पाहिलं. म्हशीच्या शिंगाला धरून तिला बसवणारा तो माणूस, पण ती वाटी कुठं ठेवावी हे त्याला सुचेना. ते पंच होते. 'निकाली' त्यांनीच जाहीर केलं होतं. जागच्या जागी पळणं त्यांनीच मान्य केलं होतं. कृष्णातनं मिशीवर हात ठेवला होता आणि तो बापाकडे बघत नव्हता. शिंपी गर्दीतून आण्णांच्या खांद्यांची रुंदी डोळ्यांनी मोजत होता.

"आठ हजार!" लोक ओरडले, पण आता त्यात जोर नव्हता. "नऊ!"

मास्तरांचं लक्ष सहज तात्यांकडे गेलं. तात्या पडद्याकडे बघत होते, मग आण्णांकडे, मग मांडीवरच्या रिकाम्या जागेकडे, जिथं मघापर्यंत खीर होती. त्यांनी काठी जरा सरकवली. काठीचं टोक बोर्डाच्या बटणावर टेकलं. टक.

दोन्ही पडदे काळे झाले.

"लाईट गेली!" तात्या कोर्टातल्या पुकाऱ्याच्या आवाजात ओरडले.

लाईट गेली म्हटल्यावर कोल्हापुरात कुणी पुरावा मागत नाही. सगळ्यांनी एकदम सवयीचा सुस्कारा टाकला. दोन्ही यंत्रं शिकलेलं सगळं विसरून कोरी झाली होती. कोण कुठं पोचलं होतं हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पोरांनी 'परत लावा' म्हणून गलका केला. आण्णांनी पुढं होऊन दोन्ही यंत्रांना हात लावला आणि ठामपणे म्हणाले, "अंगं तापल्यात दोघांचीबी. आता लढवलं तर पाप लागंल. कुस्ती बरोबरीत सोडवल्या!"

"पण निकाली—" हवालदार म्हणू लागले.

"जादूचा प्रयोग हाय साहेब," आण्णा म्हणाले. "संपला."

मग जे झालं त्याची कुणी आखणी केली नव्हती. आण्णांनी दोन्ही यंत्रांना एकेक फेटा गुंडाळला. कृष्णातनं मास्तरांना उचलून खांद्यावर घेतलं, हलगी पुन्हा कडाडली, आणि म्हशींचं दूध त्या संध्याकाळी पेठेला फुकट मिळालं. खांद्यावरून खाली उतरताच कृष्णात म्हणाला, "मास्तर, खरं सांगा, ते एका जाग्यावर लिहायचं कसं बसवलंसा? आमच्यात बसंल का?" आणि दोघं पेले घेऊन पुन्हा कट्ट्यावर भांडायला बसले.

पण मास्तरांचं भांडणात मन लागेना. त्यांनी काठी पाहिली होती. टीव्हीची हातगाडी पुढं आणि बापलेक मागं, असे घराकडे निघाले तेव्हा त्यांच्यानं राहवलं नाही.

"तात्या, तुमची काठी..."

"जुनी झाली. घसरते."

गल्लीच्या वळणावर तात्या म्हणाले, "आकाराम रोज दूध पाठवत होता रे. आणि त्याचं तोंड पाहिलंस ना? मला महिनाभर मेल्यासारखं वागवलं, पण मला सवय झाली होती, खायलाही मिळालं. त्याला पाच मिनिटंही झेपलं नसतं."

"हो," मास्तर म्हणाले. "बरोबर केलंत." त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तरी डोळ्यांत पाणी येत होतं, याचा त्यांना राग आला.

तात्यांनी हातगाडीवर फेटा गुंडाळून ठेवलेल्या त्या काळ्या डब्यावर हात ठेवला. तालमीत पट्टशिष्याच्या पाठीवर ठेवतात तसा.

"नऊ हजार आठशेच्या पुढं होतं," ते हळू म्हणाले. "मी वाचत होतो. कृष्णातचं सहा हजारांतच होतं. कुणाला बोलू नकोस. पण आपला पठ्ठ्या जिंकला होता."

यज्ञेश्वर बावडेकर रस्त्यात थांबले. मग त्यांनी मिशीला पीळ द्यायला हात वर नेला. पीळ बसावा एवढी ती नव्हतीच. तरी त्यांनी दिला.